विश्लेषण : माळढोकाचा नर मादीच्या दुप्पट, तणमोराचा मात्र लहान! पक्ष्यांमधील आकारभेद संवर्धनासाठी का महत्त्वाचा?

माळढोकाचा पूर्ण वाढलेला नर वजनाने मादीच्या दुपटीच्या घरात असतो. त्याच कुळातल्या तणमोराचा नर मात्र मादीपेक्षा लहान असतो. तळ्यावरच्या कमळपक्ष्यांत मादी मोठी असते आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो. शिकारी पक्ष्यांतही मादीच मोठी. नर आणि मादी यांच्या आकारातला हा फरक योगायोगाने आलेला नाही. त्या-त्या पक्ष्याची जोडीदार निवडण्याची आणि पिल्ले वाढवण्याची रीत त्यात दिसते. माळढोक आणि तणमोर हे दोन्ही पक्षी आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे हा विषय आता केवळ पक्षीनिरीक्षकांच्या कुतूहलाचा उरलेला नाही.

बहुतेक पक्ष्यांमध्ये आकारभेद किती असतो?

साळुंकी, बुलबुल, कावळा किंवा बगळा यांची जोडी समोर आली, तर नर कोणता आणि मादी कोणती हे आकारावरून सांगता येत नाही. बहुसंख्य पक्ष्यांमध्ये हा फरक नगण्य असतो. याचे एक मोठे कारण म्हणजे पक्ष्यांची कुटुंबपद्धती. जगातील सुमारे ९० टक्के पक्षी किमान एका विणीच्या हंगामापुरते जोडीने राहतात. घरटे, अंडी, पिल्लांचे खाणे-पिणे यांत दोघांचा वाटा असतो. दोघांची कामे सारखी असतील, तर दोघांच्या शरीरावरच्या गरजाही सारख्या राहतात.

गोंदिया-भंडाऱ्याच्या भातशेतीत दिसणारा सारस हे त्याचे ठळक उदाहरण. सारसाची जोडी वर्षानुवर्षे एकत्र राहते, आळीपाळीने अंडी उबवते आणि पिल्लांना दोघे मिळून सांभाळते. नर किंचित उंच असतो, पण ते दोघे शेजारी उभे असतील तरच लक्षात येते. कोकण आणि सह्याद्रीतल्या धनेशांची रीत थोडी वेगळी. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचे तोंड लिंपून केवळ चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते आणि नर तिला व पिल्लांना बाहेरून अन्न पुरवतो. येथे नर काहीसा मोठा असतो, पण माळढोकासारखी तफावत नसते.

याचाच अर्थ, जिथे नर आणि मादी यांच्या आकारात मोठा फरक दिसतो, तिथे त्यांच्या जीवनक्रमातही मोठा फरक असण्याची शक्यता असते. जीवशास्त्रात या फरकाला ‘लैंगिक द्विरूपता’ म्हणतात. तो आकारात असू शकतो, तसाच रंगात, पिसाऱ्यात किंवा आवाजातही असू शकतो.

डार्विनने या प्रश्नाचे काय उत्तर दिले?

नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडल्यानंतर चार्ल्स डार्विनला एक अडचण जाणवत होती. मोराचा पिसारा जगण्याच्या धडपडीत उपयोगी पडत नाही, उलट शत्रूपासून पळताना तो अडचणच ठरतो. मग तो टिकला कसा? १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवाच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात त्याने ‘लैंगिक निवड’ ही कल्पना सविस्तर मांडली. एखादे वैशिष्ट्य जगण्यासाठी नव्हे, तर जोडीदार मिळवण्यासाठी उपयोगी असेल तरीही ते पुढच्या पिढ्यांत टिकते, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे दोन मार्ग त्याने सांगितले. पहिला म्हणजे नरांची आपसातली लढत. त्यात मोठा आणि ताकदवान नर जिंकतो. दुसरा म्हणजे मादीची पसंती. त्यात मादीला भावणारा नर पुढे जातो.

पण बहुतेक प्राण्यांत नरच मादीसाठी का झगडतो? १९४८ मध्ये अँगस बेटमन यांनी फळमाश्यांवर केलेल्या प्रयोगांतून आणि १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मांडलेल्या ‘पालकांची गुंतवणूक’ या विचारातून त्याचे उत्तर पुढे आले. अंडे तयार करणे, ते उबवणे आणि पिल्लू वाढवणे यांत ज्याचा वेळ आणि शक्ती अधिक खर्च होते, तो जोडीदार निवडताना चोखंदळ असतो. ज्याची गुंतवणूक कमी, तो अधिकाधिक जोडीदार मिळवण्यासाठी स्पर्धा करतो. बेटमन यांच्या प्रयोगांतील त्रुटींवर पुढे बरीच चर्चा झाली. पण गुंतवणुकीचा मुद्दा आजही या अभ्यासाचा पाया आहे. तो कमळपक्ष्यांसारख्या उलट्या उदाहरणांनाही लागू पडतो, हे त्याचे बळ.

मादीची पसंती नेमकी कशावर ठरते, हे मात्र सहज सुटणारे कोडे नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील व्हिपस्नेड येथे मॅरियन पेट्री आणि सहकाऱ्यांना पिसाऱ्यावर अधिक डोळे असलेल्या मोरांना अधिक लांडोरी मिळतात असे आढळले. २००८ मध्ये जपानमधील दीर्घ अभ्यासाला मात्र तसा संबंध सापडला नाही. लैंगिक निवड घडते यावर एकमत आहे. मादी नेमके काय पाहते, यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

माळढोकाचा नर इतका मोठा का?

माळढोक हा उडू शकणाऱ्या जगातील सर्वात वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. नराचे वजन साधारण ८ ते १४ किलो, तर मादीचे साडेतीन ते पावणेसात किलो. नराची उंची सुमारे एक मीटर. या तफावतीचे मूळ त्याच्या विणीच्या पद्धतीत आहे.

माळढोक जोडी करून राहत नाही. विणीच्या हंगामात नर माळावरच्या ठरावीक जागी येतो आणि तिथे प्रदर्शन सुरू करतो. गळ्याखालची पिशवी हवेने फुगवून जवळपास जमिनीपर्यंत लोंबवतो, शेपटी पाठीवर उभारतो, पंख खाली सोडतो आणि घुमणारा खोल आवाज काढतो. हा आवाज सुमारे अर्ध्या किलोमीटरपर्यंत ऐकू जातो. मादी येते, नर पाहते, मिलन होते आणि ती निघून जाते. त्यानंतर नराचा पिल्लाशी काहीही संबंध राहत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, सुमारे २७ दिवस एकटीच उबवते आणि पिल्लालाही एकटीच वाढवते.

नरांनी प्रदर्शनासाठी जमायच्या अशा जागेला शास्त्रीय भाषेत ‘लेक’ म्हणतात. ‘खेळ’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आला आहे; मराठीतल्या लेकीशी त्याचा संबंध नाही. मोरही अशाच प्रकारे प्रदर्शन करतो. माळढोकाचे नर एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर, पण आवाजाच्या किंवा नजरेच्या टप्प्यात असतात. म्हणून त्याला ‘विखुरलेला लेक’ म्हटले जाते.

अशा व्यवस्थेत बाजी फार थोड्या नरांच्या हाती लागते. चांगली जागा पटकावणारा आणि माद्यांच्या पसंतीस उतरणारा एखादा नर अनेक पिल्लांचा बाप होतो, तर बाकीच्यांचा हंगाम रिकामा जातो. जागेसाठीच्या लढतीत वजनदार नराचे पारडे जड ठरते. पिढ्यानपिढ्या असे होत राहिले की नराचा आकार वाढत जातो. मादीवर असा दबाव नसतो. उलट माळावर लपून अंडे उबवणाऱ्या मादीला लहान आणि मातकट असण्याचाच फायदा होतो. युरोप आणि आशियातील ‘ग्रेट बस्टर्ड’ या माळढोकाच्या नातलगातही हेच दिसते. तिथे नराचे वजन मादीच्या दोन ते तीन पट असते.

मग तणमोराचा नर लहान का?

तणमोरही याच कुळातला. त्याच्यातही नर जोडी करून राहत नाही आणि पिल्लांची जबाबदारी घेत नाही. तरीही नर मादीपेक्षा लहान आणि हलका असतो. हे वरच्या नियमाच्या विरुद्ध वाटते. पण उत्तर पुन्हा प्रदर्शनाच्या पद्धतीतच आहे.

पावसाळ्यात गवत वाढले की तणमोराचा नर गवताच्या वर दिसावे म्हणून हवेत उडी मारतो. दीड-दोन मीटर सरळ वर जातो, पंख वेगाने फडफडवून बेडकाच्या डरावण्यासारखा आवाज काढतो आणि पुन्हा गवतात उतरतो. एका दिवसात अशा पाचशेच्या आसपास उड्या तो मारतो. इतक्या वेळा स्वतःचे वजन हवेत फेकायचे, तर ते वजन कमी असणेच सोयीचे. येथे मादी वजनाला नव्हे, चपळाईला दाद देते. माळढोकाने मैदानात उभे राहून जे साधले, ते तणमोराने उंच गवतात उडी मारून साधले.

माळढोक कुळात सुमारे २५ प्रजाती आहेत. या कुळाचा तौलनिक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नरांमधली स्पर्धा जितकी तीव्र, तितका नर मोठा. पण जिथे प्रदर्शन हवेतले आणि चपळाईचे, तिथे नर तुलनेने लहान, असे त्यात दिसले. पाणथळीच्या किनारी पक्ष्यांमध्येही हवेत कसरती करणारे नर लहान असल्याचे आढळले आहे. म्हणजे ‘स्पर्धा असेल तर नर मोठा’ हे अर्धेच सूत्र आहे. स्पर्धा कशाची आहे, हे त्याचे दुसरे अर्धे.

कमळपक्ष्यांत मादी मोठी आणि नर ‘आई’, असे का?

कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी महाराष्ट्रातल्या अनेक तळ्यांवर दिसतात. त्यांच्यात भूमिकांची पूर्ण अदलाबदल झालेली आहे. मादी मोठी असते, आपला प्रदेश राखते आणि दुसऱ्या माद्यांना हुसकावून लावते. एका मादीच्या प्रदेशात अनेक नर असतात. ती एका नरासाठी चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे वळते. पहिला नर अंडी उबवतो, पिल्लांना सांभाळतो, धोका दिसताच त्यांना पंखाखाली धरून हलवतोही.

तमिळनाडूतील वेंबनूर तलावावर स्टुअर्ट बुचार्ट यांनी १९९० च्या दशकात कांस्यपंखी कमळपक्ष्यांचा अभ्यास केला. मादी नरापेक्षा सुमारे ६० टक्के जड असल्याचे आणि एका मादीकडे एकाच वेळी चार नरांपर्यंत जोडीदार असल्याचे त्यांना आढळले. गुंतवणुकीचा नियम येथे उलटा चालतो. पिल्लांवर अधिक वेळ नर खर्च करतो, म्हणून मोकळे नर दुर्मीळ होतात आणि त्यांच्यासाठी माद्यांमध्ये झगडा लागतो. झगडा माद्यांचा, म्हणून आकारही माद्यांचा वाढला. पनामातील जकानांवरील अभ्यासात तर नवी मादी प्रदेश ताब्यात घेताना आधीच्या मादीची पिल्ले मारते आणि त्याच नराला पुन्हा अंडी उबवायला मोकळे करते, असेही दिसले आहे. सिंहांच्या कळपात नवा नर जे करतो, तेच येथे मादी करते.

रंगीत पाणलाव्यातही मादीच मोठी आणि अधिक देखणी असते. अंडी उबवतो तो नर. अशी अदलाबदल का झाली असावी? पाणथळ जागी घरटी वारंवार नष्ट होतात, त्यामुळे मादीने लागोपाठ अंडी घालत राहणे फायद्याचे ठरले असावे, असे एक मत आहे. ज्या किनारी पक्ष्यांमध्ये प्रौढ नरांची संख्या माद्यांपेक्षा अधिक असते, तिथे अशी अदलाबदल जास्त दिसते, असे २०१३ मधील एका तौलनिक अभ्यासात आढळले. समूहात नर-माद्यांचे प्रमाण किती, यावरून पालकत्वाचे काम कोणाकडे जाईल हेही ठरते, असा त्याचा अर्थ.

शिकारी पक्ष्यांचे कोडे काय आहे?

शिक्रा, ससाणे, गरुड आणि घुबडे यांच्यात मादी मोठी असते. पण कमळपक्ष्यांसारखी भूमिकांची अदलाबदल येथे नाही. बहुतेक शिकारी पक्षी जोडीने राहतात. मादी घरट्यावर असते आणि नर शिकार आणून देतो. तरीही युरोपातील स्पॅरोहॉकमध्ये मादी नराच्या जवळपास दुप्पट वजनाची असते. शिकारीसाठी पक्षी पाळणाऱ्यांना हा फरक शतकानुशतके ठाऊक होता. उत्तर हिंदुस्थानातील बाजदारीत मादीला ‘बाज’ आणि तिच्या लहान नराला ‘जुर्रा’ अशी स्वतंत्र नावे होती. मोठी शिकार धरणारी मादी अधिक मोलाची मानली जाई.

यामागचे सूत्र शिकारीच्या प्रकारात असावे, असे दिसते. चपळ पक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्रजातींत नर-मादीतला फरक सर्वाधिक असतो. सरडे, उंदीर यांवर जगणाऱ्यांत तो कमी, आणि मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या गिधाडांत जवळपास नसतोच. चपळ भक्ष्य पकडायला लहान नर उपयोगी, तर अंडी तयार करायला, उबवायला आणि घरट्याचे रक्षण करायला मोठी मादी उपयोगी, हे एक स्पष्टीकरण. दोघांनी वेगवेगळ्या आकाराचे भक्ष्य पकडले तर आपसातली खाण्याची स्पर्धा कमी होते, हे दुसरे. एकाच कारणाने सगळ्या प्रजातींचा उलगडा होत नाही, एवढे मात्र नक्की.

आकार सारखा म्हणजे एकनिष्ठा, असे म्हणता येईल का?

तसे म्हणता येत नाही. सुगरणीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मराठीत नाव स्त्रीलिंगी असले तरी खोपा विणतो तो नर. तो खोपा अर्धवट विणून थांबतो, मादी येऊन पारखते, पसंत पडला तर तिथे राहते. मग नर खोपा पूर्ण करतो आणि जवळच दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका नराच्या एका हंगामात अनेक माद्या होऊ शकतात. तरी आकारात दोघांत फारसा फरक नसतो. कारण मादी येथे नराचे वजन पाहत नाही. तिची नजर खोपा आणि तो टांगलेली फांदी यांवर असते.

जोडीने राहणाऱ्या पक्ष्यांबद्दलची समजूतही १९८० च्या दशकानंतर बदलली. डीएनए तपासणी सुरू झाली तेव्हा, एकनिष्ठ मानल्या गेलेल्या अनेक प्रजातींच्या घरट्यांत दुसऱ्याच नराची पिल्ले सापडली. त्यामुळे आता शास्त्रज्ञ ‘सामाजिक जोडी’ आणि ‘जनुकीय जोडी’ असा फरक करतात. एकत्र घरटे चालवणे ही एक गोष्ट आणि पिल्लाचा बाप असणे ही दुसरी. आकारावरून विणीच्या पद्धतीचा अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही.

मोठ्या आकाराची किंमत काय?

मोठे शरीर फुकट मिळत नाही. नर पिल्लाला कमी काळात अधिक वाढायचे असते, म्हणून त्याला अन्नही अधिक लागते. स्पेनमध्ये ‘ग्रेट बस्टर्ड’वर झालेल्या दीर्घकालीन अभ्यासांत नर पिल्लांचा मृत्यूदर माद्यांपेक्षा अधिक आढळला. मोठे झाल्यावरही नर अधिक मरतात. परिणामी प्रौढांमध्ये माद्या जास्त आणि नर कमी, असे चित्र दिसते. अन्न कमी पडले किंवा अधिवास बिघडला तर त्याचा पहिला फटका मोठ्या लिंगाला बसतो.

माळढोकांच्या बाबतीत दुसरा धोका माणसाने उभा केला आहे. हा जड पक्षी उडताना झटकन वळू शकत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरचे तार-खांब त्याला नीट दिसत नाहीत. राजस्थानच्या थर भागात विजेच्या तारांना धडकून दरवर्षी सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. ज्या पक्ष्याची मादी बहुधा एकच अंडे घालते, त्याला एवढा मृत्यूदर सोसणारा नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात उघड्या तारांवर निर्बंध घातले. मार्च २०२४ मध्ये सौर व पवन ऊर्जेच्या गरजेचा विचार करून हा आदेश बदलण्यात आला आणि तज्ज्ञ समिती नेमण्यात आली.

संवर्धनात हा भेद का महत्त्वाचा ठरतो?

पहिला मुद्दा गणनेचा. तणमोराचा नर उडी मारतो म्हणून दिसतो. मादी गवतात दडलेली असते. म्हणून गणना प्रामुख्याने नरांची होते आणि एकूण संख्या त्यावरून अंदाजाने काढावी लागते. २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीनंतर देशात सातशेहून कमी तणमोर उरले असावेत, असे सांगितले गेले. दोन दशकांत सुमारे ८० टक्के घट झाल्याचा तो अंदाज होता.

दुसरा मुद्दा जागेचा. माळढोकाचे नर वर्षानुवर्षे त्याच माळावर प्रदर्शनाला येतात. तो तुकडा नांगरला गेला, तिथे कालवा, रस्ता किंवा सौर पॅनेल आले, तर केवळ काही हेक्टर जमीन जात नाही. आसपासच्या माद्यांना नर भेटण्याची जागाच नाहीशी होते. म्हणून क्षेत्रफळ मोजताना लेकची जागा वेगळी नोंदवणे आवश्यक ठरते.

तिसरा आणि सर्वात गंभीर मुद्दा नर-माद्यांच्या प्रमाणाचा. जंगलात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते आणि त्यातले बहुतेक जैसलमेर परिसरात आहेत. लेक पद्धतीत थोडेच नर बहुतेक पिल्लांचे बाप होतात. त्यामुळे कागदावर शंभर-दीडशे पक्षी असले तरी पुढच्या पिढीला जनुके देणारे पक्षी त्याहून बरेच कमी असतात. कच्छमधील नलिया परिसरात याचा शेवट दिसला. तिथे अलीकडच्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माद्या उरल्या आणि नर दिसेनासे झाले. अशा माद्यांनी अंडी घातली तरी ती फळत नाहीत. जोडीने राहणाऱ्या पक्ष्यांत दोन पक्षी म्हणजे एक कुटुंब होऊ शकते. माळढोकांत पाच माद्या उरल्या तरी नर नसेल तर त्यांची संख्या शून्यच धरावी लागते.

कृत्रिम रेतनाचा प्रयोग का करावा लागला?

२०१९ मध्ये केंद्र सरकार, राजस्थान सरकार आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून जैसलमेर जिल्ह्यात माळढोकांचे संवर्धन-प्रजनन सुरू केले. सुरुवातीला माळावरची अंडी उचलून यंत्रात उबवण्यात आली. या पक्ष्यांपैकी काहींनी पुढे बंदिवासातच विणीला सुरुवात केली. पण बंदिवासातल्या प्रत्येक नर-मादीचे नैसर्गिक मिलन होईलच असे नसते. मादी चोखंदळ असते आणि तिच्यासमोर निवडायला नर फार थोडे असतात. शिवाय माणसांच्या हाताखाली वाढलेला नर कधी कधी माणसासमोरच प्रदर्शन करू लागतो. म्हणून नराला प्रशिक्षण देऊन वीर्य मिळवायचे आणि दुसऱ्या केंद्रातल्या मादीला कृत्रिम रेतन करायचे, हा मार्ग निवडला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये या पद्धतीने पहिले पिल्लू जन्माला आले. नर रामदेवरा केंद्रातला आणि मादी सुदासरी केंद्रातली होती.

यामुळे एकाच नराच्या वंशावर अवलंबून न राहता वेगवेगळ्या नरांची जनुके पुढे नेता येतात. बंदिवासातल्या पक्ष्यांची संख्या पन्नासच्या पुढे गेली आहे. मात्र ही पिल्ले एक दिवस माळावर सोडायची असतील, तर तारा आणि भटकी कुत्री यांपासून सुरक्षित माळ आधी असावा लागेल.

महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. मूळ क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात अनेक गावे, शेते, रस्ते येत असल्याने स्थानिकांचे व्यवहार अडकले आणि अभयारण्याविषयी नाराजी वाढली. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. दरम्यान सिंचन आले, ज्वारी-तेलबियांच्या जागी ऊस आणि फळबागा आल्या, माळ तुकड्यातुकड्यांत उरला. नान्नजच्या माळावर एकेकाळी हमखास दिसणारा हा पक्षी अलीकडच्या गणनांत एखाद-दुसराच दिसतो, कधी तोही दिसत नाही. डॉ. सलीम अली यांनी ज्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करावे असा आग्रह धरला होता, तो हाच. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोर आज गावोगावी दिसतो. तोही लेक पद्धतीचाच पक्षी आहे. पण लांडोर एका वेळी चार-सहा अंडी घालते आणि मोराला शेत, झाडी, गावठाण काहीही चालते. विणीची पद्धत एक असली तरी अंड्यांची संख्या आणि जागेची गरज वेगळी असेल, तर नशीब किती वेगळे होते हे या दोघांकडे पाहून कळते.

तणमोरासाठी अजून आशा आहे. अकोला-वाशिम भागात फासेपारधी समाजाच्या पिढीजात ज्ञानाच्या मदतीने तणमोरांचा शोध आणि राखण झाली आहे. तिथे तणमोर गवताळ माळाबरोबर सोयाबीनच्या शेतातही दिसतो. मादी जुलै ते सप्टेंबरदरम्यान जमिनीवर तीन-चार अंडी घालून सुमारे तीन आठवडे उबवते. याच काळात गवतकापणी किंवा अतिचराई झाली तर घरटे जाते. उड्या मारणारा नर शेतकऱ्याला सहज दिसतो. तो दिसला, तर जवळपासच्या गवतात मादी असण्याची शक्यता धरून त्या तुकड्यातली कापणी काही आठवडे पुढे ढकलणे आणि शेतकऱ्याला त्याची भरपाई मिळणे, हा साधा उपाय आहे. त्यासाठी मोठ्या अभयारण्याची गरज नाही. नर कुठे उडी मारतो याची गावागावात नोंद ठेवणे मात्र आवश्यक आहे.